लिंबोणीचा जामीन

दसरा उलटला की आमच्या परसातल्या जमिनीला हात लावायची परवानगी मिळायची. परवानगी द्यायची ती जमिनीनंच. त्याआधी मुळशीच्या डोंगरात असं पाणी कोसळलेलं असायचं की माती माजून जायची. तिच्यात काहीही टेकवावं आणि त्याला पालवी फुटावी. एकदा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातली काठी परसात भिंतीला टेकवली आणि विसरले. बाजाराच्या दिवशी काढायला गेले तर काठीनं मुळं धरलेली. ओढून काढली आणि तशीच घेऊन पौडाला गेले, तर तिथं एकानं रोपाचा भाव विचारला. आमचे शेजारी म्हणतील हे खोटं आहे. शेजाऱ्यांच्या काठ्या वाळक्या निघाल्या, त्याला मी काय करू?

म्हणून आमच्याकडे घाई चालत नसे. मूठभर माती दाबायची, लाडू करायचा आणि सोडायचा. पडून फुटला तर खणायचं, पचकन बसला तर घरात जाऊन गप्प बसायचं. फुटला की मग कामाला तोंड लागायचं. गवत मुळासकट काढायचं, चुलीची राख आणि जुनं कुजलेलं शेण मिसळायचं, वाफे बांधायचे. धणे वहाणेखाली रगडून दोन फाकी करून पेरायचे. मेथी दाट फेकायची. दिवाळीच्या सुमाराला लसणीच्या पाकळ्या शेंडा वर करून टोचायच्या. मी लहानपणी एक अख्खी ओळ उलटी टोचली होती. तिची पात खालीच निघून गेली असावी, कारण वर काही आली नाही. शेवंतीचे शेंडे खुडायचे ते दसऱ्यापर्यंतच. त्यानंतर खुडाल तर फुलं खुडाल, असं आई सांगायची, आणि ते मात्र तंतोतंत खरं आहे.

पण सांगायचं आहे ते लिंबोणीचं.

लिंबोणी माझ्या बायकोची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी मुठ्याला गेली. परत येताना बाकीच्या सुना डोक्यावरून लाडू-करंज्यांच्या पाट्या आणतात, तर ही फुटक्या हंडीत लिंबाचं रोप घेऊन आली. खिंड चढून, खिंड उतरून. तिच्या आईनं स्वतः बी रुजवलेलं. परसाच्या कोपऱ्यात ते लावलं आणि ते वाढलं, काय वाढलं! पानं अशी तेलकट हिरवी की माझ्या आईनं त्यात बघून कुंकू लावावं. काटे असे की कावळा बसायच्या आधी वर घिरट्या घालून विचार करायचा. नव्हतं ते फक्त लिंबू. एक नाही. फूलसुद्धा नाही.

पहिली काही वर्षं कुणी काही बोललं नाही. मग आबा बोलायला लागले. जेवताना ताटात लोणचं आलं की म्हणायचे, "लिंबाचं व्हय? मला वाटलं आपल्या झाडाच्या काट्यांचं घातलंसा."

त्या साली प्रकरण हाताबाहेर गेलं. खाली खोऱ्यात धरणाचं पाणी चढत आलं होतं. तिथं राहणारे माझे चुलते आपले बैल आमच्याकडे वर आणून बांधून गेले आणि स्वतः नवं घर कुठं घालायचं या खटपटीला लागले. आमच्या गोठ्यात आमचीच जनावरं मावत नव्हती. पाहुणे बैल ओसरीला बांधले. त्यांतला एक असा मायाळू की आबा जेवायला बसले की मान लांब करून त्यांच्या ताटावर श्वास सोडायचा. आबांनी आठवडाभर बैलाच्या श्वासातली भाकर खाल्ली आणि मग जाहीर केलं, "परसात गोठा वाढवायचा. लिंबोणीच्या कोपऱ्यात. शिमग्यापातूर फूल धरलं तर ठीक. न्हाई तर तिचीच तोडून मेढ रोवतो गोठ्याला."

माझी बायको सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची नाही, तशी रीतच नव्हती. ती भांड्यांशी बोलायची. त्या दिवशी भांड्यांशीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वालाच्या वेलाला काठ्या रोवताना मला म्हणाली, "आई गेली आवंदा. मुठ्यात आता भावजया हायेत. तितं जाऊन मी काय बघू? माज्या आईच्या हातचं एवढंच हाय." आणि काठी अशी ठोकली की ती पार बुडली. दुसरी आणावी लागली.

आता झाडाला फुलं कशी आणायची हे मला ठाऊक असतं तर मी सरदार झालो असतो. पण देव माणसाला मामा देतो. माझे मामा सासवडाकडचे, बागाईतदार. दिवाळीला आले, लिंबोणीभोवती हात मागं बांधून फिरले आणि हसले.

"भाच्या, हिचं लाड लई झाल्यात. हिला ताण द्या."

"म्हणजे काय करायचं?"

"पानी तोडायचं. बुंध्याभवतीची माती काढून मुळं उनाला उघडी टाकायची. पानं पिवळी पडंस्तोवर, गळंस्तोवर थेंब दाखवायचा न्हाई. झाडाला वाटाया पायजे की आता आपलं काय खरं न्हाई. मग पौषात खत घालायचं, माती लोटायची, पानी सोडायचं. अंगभर फुलतं बघ."

आईनं हे ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "माज्या दारात झाडाला उपाशी ठिवायचं? तुमच्या सासवडात ठेवत असतील. आमच्यात पावन्यालाबी कुनी उपाशी ठेवत न्हाई. तू सोताच बघ की, किती येळा जेवलास सकाळधरनं."

मामा म्हणाले, "आक्का, पावना आन झाड यात फरक हाय. पावना उपाशी ठिवला तर जातो. झाड कुटं जातंय?"

शेवटी मी बायकोकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली. कर, अशी की नको, अशी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी कर असं धरलं. मुळं उघडी केली.

आणि इथून माझी मती गुंग व्हायला सुरुवात झाली.

मामांच्या म्हणण्याप्रमाणे पानं पिवळी पडायला हवी होती. ती आणखी हिरवी व्हायला लागली. मार्गशीर्षाच्या थंडीत सगळं परस आखडून बसलेलं. थंडी अशी की कोंबडा आरवायला तोंड उघडायचा आणि वारा आत जातो म्हणून मिटून घ्यायचा. वांग्यांच्या बुडाशी आम्ही भाताचा पेंढा पसरला. मिरचीच्या कोवळ्या रोपांवर संध्याकाळी पळसाच्या पानांचे द्रोण पालथे घालायचे, सकाळी उचलायचे. पाणी घालायचं ते उन्हं मातीवर आल्यावरच, संध्याकाळी नाही, नाही तर मुळं रात्रभर कुडकुडतात. वालावर माव्याची कीड आली, तर दव वाळायच्या आत राख फुंकायची म्हणजे ती चिकटते. ही सगळी काळजी घेतलेली झाडं कशीबशी उभी. आणि जिची काळजी घ्यायची सोडून दिली ती लिंबोणी नवरीसारखी नटलेली! मी बुंध्याशी बोट घालून बघितलं. माती ओली.

मी पुन्हा चार दिवस थांबलो. पुन्हा ओली. आभाळात ढग नाही, पाट नाही, झरा नाही. मला वाटलं, ही मुळं खाली खोऱ्यात धरणापर्यंत पोचली असावीत.

मग एका सकाळी आईला धरलं. तांब्या घेऊन परसातून येत होती.

"आये, लिंबोणीला पानी घातलंस?"

"म्या? शप्पत न्हाई. तांदळाचं धुवन वतलं. धुवनाला काय पानी म्हणत्यात?"

धुवण बंद केलं. माती ओलीच. मग आबा सापडले. रोज तोंड धुऊन झालं की चूळ नेमकी लिंबोणीच्या मुळांवर. रागानं थुंकत होते ते तिच्यावर. पण लोटाभर राग म्हणजे लोटाभर पाणीच की! मी म्हणालो, "आबा, ताण दिलाय तिला."

"मग? म्याबी ताणच देतुया."

आबांचं तोंड दुसरीकडं वळवलं. तरी ओल आहेच. मग बघतो तर उघड्या मुळांवर भाताच्या पेंढ्याची गादी. वर पुन्हा फाटकं पटकूर. पहाटेचं दव सगळं त्यात मुरत होतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, "वांग्याला घालतासा पेंढा, मिरचीला टोप्या घालतासा. हिलाच तेवढी थंडी वाजत न्हाई व्हय?"

आता मला सांगा, मी काय समजायचं? झाड वाचावं म्हणून तिनं पांघरूण घातलं आणि झाड वाचायचं तर पांघरूण काढायला हवं. ते तिलाही पटलं. मग दोघांनी मिळून पेंढा काढला. काढताना ती झाडाला काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही.

मग मात्र पानं पिवळी पडली. आणि गळली. एकदा गळायला लागली ती अशी की सगळ्या परसात हळदीकुंकू झाल्यासारखं दिसावं. चार-दोन दिवसांत लिंबोणीवर काट्यांखेरीज काही उरलं नाही.

मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण रोज त्या काटक्यांकडं बघताना माझंच धाबं दणाणलं. ताण लागलेलं झाड आणि मेलेलं झाड यांत फरक काय, हे मामांनी सांगितलंच नव्हतं. मी नखानं साल खरवडली. आत हिरवं दिसलं. आईनं खरवडली, तिला तपकिरी दिसलं. बायकोनं सकाळी खरवडली तेव्हा हिरवं आणि दुपारी खरवडली तेव्हा काय दिसलं ते ती सांगेना. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या झाडावर इतकी नखं मारली की वाटेनं जाणारा एक माणूस थांबून विचारता झाला, बिबट्या येतो का हो तुमच्याकडं?

आबांना खरवडायची गरज वाटली नाही. "मेली," ते म्हणाले. "आता मेलेल्याला शिमगा कशाला पायजे? उद्या सकाळी तोडतो."

सकाळी धुकं असं दाट की ओसरीवरून उतरताना पायरी हातानं चाचपावी. आबा कुऱ्हाड घेऊन उतरले. मला दोर दिला. "फांदीला बांध आन वढून धर. पडताना भितीवर याची न्हाई."

बायको घरात नव्हती. परसात नव्हती. आई चुलीपुढं पाठ करून बसलेली. मी दोर बांधला. बापाचा शब्द मोडावा तर पंचाईत, बायकोचं झाड तोडावं तर त्याहून मोठी पंचाईत. दोर सोडला तर झाड भिंतीवर येणार, ओढला तर मीच पाडलं असं होणार. मी दोर अर्धा ओढला, अर्धा सोडला, आणि तसाच उभा राहिलो. इतका गोंधळलेला माणूस त्या दिवशी दोन्ही खोऱ्यांत मिळून दुसरा नसेल.

आबांनी कुऱ्हाड उगारली.

तेवढ्यात धुक्यातून शेरडं आली, आणि शेरडांमागं वरच्या धनगरवाड्यावरचा म्हातारा. पाऊस सरला की त्याची शेरडं-मेंढरं आमच्या रानात बसायची, म्हणून ओळख होती. त्याला काय दिसलं? पानं नसलेलं झाड, उगारलेली कुऱ्हाड आणि शेजारी उभा मुलगा. आमच्या भागात फळ न धरणाऱ्या झाडाला धाक घालायची एक रीत आहे. घरधनी कुऱ्हाड घेऊन उभा राहतो, म्हणतो, आता तोडतो तुला. मग शेजारचा कुणीतरी पुढं येऊन झाडाची रदबदली करतो, त्याचा जामीन होतो. आणि घरधनी मोठ्या मनानं सोडून देतो. कुणी असं करताना दिसलं आणि आपण तसेच पुढं गेलो, तर ते पाप, असं मानतात.

म्हाताऱ्यानं काठी टाकली, खांद्यावरची घोंगडी टाकली आणि हात जोडून पळतच आला. "आवो आबा! दमा, दमा! नका तोडू. गरीब हाय, अजान हाय. येत्या साली देईल. म्या जामीन!"

आणि आबांच्या तोंडातून, लहानपणापासून जे ऐकत आणि म्हणत आले होते, ते आपोआप बाहेर पडलं, "बरं. तुज्या शब्दावर सोडली."

आबांनी कुऱ्हाडीकडं असं बघितलं, जणू तीच बोलली.

मग आबा ओरडले, "आरं पर म्या खरंच तोडत हुतो!"

"तसंच म्हणायचं आसतंय, आबा," म्हातारा घोंगडी झटकत म्हणाला. "झाडाला खरं वाटाया पायजे. तुमी लई झ्याक म्हणलासा. मलाबी घटकाभर खरं वाटलं."

"खरंच म्हणतुया म्या!"

"आता पुरं, आबा. लई धाक घातला तर सुकंल की ती."

तेवढ्यात आई घरातून करंडा घेऊन आली. इतका वेळ जिची पाठ हलली नव्हती ती चुलीपासून झाडापर्यंत कशी पोचली हे मी सांगू शकत नाही. मध्ये अंतरच नसावं. तिनं बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, कुऱ्हाडीलाही लावलं. हळदकुंकू लागलेल्या कुऱ्हाडीनं कोण काय तोडणार? आबांनी ती माझ्या हातात दिली. माझ्या एका हातात दोर, एका हातात कुऱ्हाड.

आणि शेरडांच्या सगळ्यात मागून धुक्यातून माझी बायको आली. डोक्यावर पाटी.

"कुटं गेलतीस?" मी विचारलं.

"लेंड्या आणाया. धनगरवाड्यावर," ती म्हणाली. "झाडांना घालाया नको व्हय?"

आता धनगरवाडा म्हणजे अर्धा डोंगर वर. लेंड्या तर आमच्या खालच्या रानात, जिथं मेंढरं बसायची, तिथं ढिगानं पडल्या होत्या. म्हातारा आपोआप त्या वाटेनं आला की आणला गेला, त्याला खरंच धाकाची रीत वाटली की तो आबांहून हुशार होता, हे मी पुढं दोघांनाही कितीदा विचारलं. म्हातारा म्हणायचा, "मला काय ठावं? धुकं हुतं." बायको म्हणायची, "मला काय ठावं? पाटी जड हुती." धुक्याचं आणि पाटीचं काय ते त्यांनाच माहीत.

आम्ही मुळांवर लेंड्या आणि राख घालून माती लोटली. पहिलं पाणी थोडं दिलं, मग दोन दिवस सोडून जरा जास्त, मग भरपूर. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत तसं. माघ लागला आणि काटक्यांच्या काखेत तांबूस कोंब आले. कोंबांच्या टोकाला जोंधळ्याएवढ्या कळ्या. मग एके दिवशी सगळं परस वासानं भरलं. तो वास असा की खालच्या पाण्याच्या कडेला गुरं राखणारी पोरं विचारत वर आली, कुणाकडं लग्न आहे?

घरात मात्र भांडण. मामांना सांगावा गेला, तर त्यांचा उलट सांगावा आला की ताणानं झालं. आई म्हणाली, राखेनं. आणि आबा गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगू लागले, "धाक लागतो झाडाला. धाक! ते येरागबाळ्याचं काम न्हाई."

गोठ्याचं मात्र ते विसरले नव्हते. शब्द झाडाचा दिला होता, जागेचा नव्हता. रोज सकाळी फुलांभोवती फेरी मारायचे, हातानं अंतर मोजायचे, मेढी कुठं रोवायच्या याचा हिशोब करायचे. झाड ठेवून गोठा बसेना, गोठा बसवला तर झाडाच्या अर्ध्या फांद्या जायच्या. "अर्ध्या तोडीन," ते म्हणायचे. "अर्ध्याचा जामीन कुटं हाय?" बायकोचा जीव पुन्हा टांगणीला.

असेच एका सकाळी खुणेला एक मेढ रोवून ते बाकीच्या मोजत असताना ओसरीवर तंबाखू घ्यायला गेले. मागं कुंपणाच्या फटीतून शेरडं आत आली. त्याच म्हाताऱ्याची. एक शेरडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि लिंबोणीच्या फुलांचा सबंध शेंडा काट्यांसकट ओढून खायला लागली. मी धावणार तोच आबा माझ्या अंगावरून गेले. तंबाखूची चंची फेकली, पागोटं पडलं, त्यांना त्या वयात उडी मारताना मी प्रथमच बघितलं. मेढ उपसून घेतली आणि शेरडांमागं गावभर. "माजी लिंबोणी खाता व्हय! माज्या लिंबोणीला तोंड लावता व्हय!"

म्हातारा वाटेवर आडवा आला. "आवो आबा, मारू नका! मुकी हायेत!"

"तू जामीन न्हवं का झाडाचा? मग तुजीच शेरडं खात्यात?"

"म्या जामीन हाय, आबा. शेरडांनी कुटं शब्द दिलाय?"

आबा धापा टाकत परत आले. लिंबोणीसमोर उकिडवे बसले आणि मोडलेला शेंडा हातात घेऊन बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या बायकोचा आवाज आला. सासूला उद्देशून, पण परसभर ऐकू जाईल असा.

"आत्याबाई, इचारा की मामंजींना. लिंबोणी त्यांची हाय का? माजी हाय, आसं मला वाटत हुतं. त्यांची असंल तर म्या काय बोलत न्हाई. त्यांनी अर्धी तोडावी, सगळी तोडावी."

आई भाकर थापत राहिली. विचारायची गरजच नव्हती.

आबा उठले. हातातली मेढ परसाच्या दुसऱ्या टोकाला, वालाच्या मांडवापलीकडं नेऊन रोवली. मग मला म्हणाले, "बगत काय उभा ऱ्हायलाईस? काटं आण. कुंपणाची फट बुजव आदी. आन जिची हाय तिला इचार, आज पानी घालायचं का उद्या."